जंतुवाढ : निरंक

“मॅडम, दोन मिनिटं वर येता का?”

बशीरभाई प्रयोगशाळेच्या दारात उभे होते. आमच्या इस्पितळातले डायलिसिसचे तंत्रज्ञ. काही हवं असलं तर ते वरून फोन करत, स्वतः खाली कधी येत नसत. एप्रिलचा शेवटचा सोमवार होता. सकाळचे अकराच वाजले होते, पण ऊन असं होतं की खिडकीच्या गजाला हात लागला तर चटका बसायचा.

“काय झालं?”

“बघाच तुम्ही.”

वर चार पलंग आणि चार यंत्रं. तीन नंबरवर राठोडबाई होत्या. कूलर बंद करून त्यांच्या अंगावर दोन घोंगड्या घातल्या होत्या, तरी त्यांच्यासकट पलंग हलत होता. दात दातांवर आपटल्याचा आवाज दारापर्यंत येत होता. सिस्टरने त्यांचे पाय धरून ठेवले होते. बाकी तीन पलंगांवरचे लोक आपापल्या नळ्यांतून वाहणाऱ्या रक्ताकडे बघत होते.

“सुरू करून पाऊण तास झाला होता,” बशीरभाई हळू आवाजात म्हणाले. “आल्या तेव्हा ताप नव्हता, मी स्वतः बघितला. दहा दिवसांतली ही तिसरी केस. पहिली एक नंबरवर झाली, दुसरी चारवर, आज तीनवर. म्हणजे यंत्राचा दोष नाही.”

“मग?”

“चारही यंत्रांत एकच गोष्ट जाते, मॅडम.”

ते पाण्याबद्दल बोलत होते. एका माणसाच्या एका डायलिसिसला सव्वाशे लिटर पाणी लागतं. आपण दीड-दोन महिन्यांत पितो तेवढं पाणी चार तासांत त्या माणसाच्या रक्ताला लागून जातं, मध्ये फक्त एक पातळ पडदा. ते पाणी तपासायचं काम माझं होतं.

“पाण्याचा रिपोर्ट चांगला आहे,” मी म्हणाले. “शुक्रवारीच सही केली मी.”

“हो. वाचला मी.”

एवढंच बोलून त्यांनी खिशातून एक निर्जंतुक बाटली काढली. आतलं पाणी नितळ होतं. “हे आत्ताचं. किती वेळ लागेल?”

“नेहमीसारखेच. अठ्ठेचाळीस तास.”

“उद्या अकरा पेशंट आहेत,” ते म्हणाले. “लवकर कळायचा काहीच मार्ग नाही का?”

तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून या ट्रस्टच्या इस्पितळात लागून मला चार वर्षं झाली होती. उज्ज्वला काळमेघ हे नाव गावात कुणाला माहीत नसलं तरी ‘लॅबवाल्या मॅडम’ सगळ्यांना ठाऊक होत्या. पाणी तपासायची पद्धत माझ्या आधीच्या माणसाने घालून दिलेली होती आणि मी ती तशीच चालवत होते. जेलीसारख्या पोषक आगराच्या प्लेटवर पाण्याचा ठरलेला थेंब पसरायचा, प्लेट शरीराच्या उष्णतेला उबवणी यंत्रात ठेवायची, दोन दिवसांनी किती ठिपके उगवले ते मोजायचं. मोजायची वेळ कधी आलीच नव्हती. प्लेट कोरी निघायची आणि मी रजिस्टरमध्ये लिहायचे, ‘जंतुवाढ : निरंक’.

बशीरभाईंना मी म्हणाले, “एक पद्धत आहे. अर्ध्या तासाची.”

हे बोलताना मला स्वतःलाच कसंतरी झालं. का, ते तेव्हा नीट कळलं नाही.

माझी पुण्याची मैत्रीण एका मोठ्या प्रयोगशाळेत नद्यांच्या पाण्यावर काम करत होती. तिने मला काळ्या गाळण्यांचं एक पाकीट आणि रंगाची एक कुपी पाठवली होती. या गाळण्या रुपयाएवढ्या गोल आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असतात. त्यातून पाणी ओढून घ्यायचं, जंतू वर अडकतात. त्यावर रंगाचे थेंब टाकायचे आणि निळ्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. जंतू चमकतात. त्यांना उगवू द्यायची गरज नाही, असतील तसे मोजायचे. तो सूक्ष्मदर्शक आमच्याकडे होताच, क्षयरोगाच्या थुंकीतपासणीसाठी आलेला.

मी खाली आले तेव्हा प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर गजभिये बसले होते. श्रावण गजभिये एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांचं डायलिसिस असे. आज सोमवारीच आले होते, कारण सकाळपासून पायांत जीव नव्हता आणि पिंपळखुटे डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. शेजारी त्यांची पत्नी सुलोचनाताई, मांडीवर पिशवी घेऊन.

“मॅडम, काल पुतणीच्या लग्नात दोन वाट्या आमरस झाला,” गजभियेंनी आपणहून कबुली दिली. “ह्या नको म्हणत होत्या.”

“तिसरीबी घेतली,” सुलोचनाताई म्हणाल्या. “मी मोजत होती.”

गजभिये हसले. “उद्याची गाडी वेळेवर आहे ना?”

ते डायलिसिसला नेहमी गाडी म्हणायचे. मी “आहे” म्हणाले आणि आत गेले.

दहा मिलिलिटर पाणी गाळणीतून ओढलं. रंग टाकला. खोलीतले दिवे घालवून, पडदे ओढून सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. आधी नुसता काळोख दिसला. मग भिंग जागेवर आलं आणि मला वाटलं, धूळ आहे. गाळणी उघडी राहिली असेल. पण धूळ वेडीवाकडी असते. हे सगळे कण एकाच आकाराचे होते. बारीक, किंचित वाकलेल्या काड्या. काही एकेकट्या, काही एकमेकींना चिकटून.

मी एका दृश्यात किती ते मोजलं. बेचाळीस. गाळणी थोडी सरकवली. अडतीस. पुन्हा सरकवली. पन्नासच्या पुढे मी मोजायचं थांबले. वीस दृश्यं बघून कागदावर हिशेब मांडला. एका मिलिलिटरला साठ हजारांच्या घरात. दोनशेच्या आत असायला हवे होते.

मला वाटलं, चूक झाली असेल. इंजेक्शनसाठी येतं ते सीलबंद पाणी फोडून त्याची तशीच गाळणी केली. संपूर्ण गोलावर जेमतेम चार-दोन ठिपके. रंगात दोष नव्हता.

मी बशीरभाईंना फोन केला. “शुद्धीकरण यंत्राच्या आधीचं, लगेच नंतरचं आणि भिंतीच्या नळाचं, असं वेगवेगळं पाणी आणा.”

दीड वाजेपर्यंत मी पाच नमुने मोजले होते. पालिकेच्या पाण्यात जंतू होते, ते असणारच. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडल्याबरोबर जवळजवळ काही नाही. आणि तिथून तीस फुटांवर, यंत्रांना जोडणाऱ्या भिंतीतल्या पाइपातून गेल्यावर, साठ हजार. बशीरभाई माझ्या मागे उभे राहून कागदावरचे आकडे वाचत होते.

“भिंतीत काय आहे?” मी विचारलं.

ते म्हणाले, “सप्टेंबरात दोन यंत्रं वाढवायची ठरली होती. त्यासाठी पाइप पलीकडच्या खोलीपर्यंत नेला. यंत्रं आली नाहीत. पाइपाला टोपण लावून ठेवलंय. अठरा फूट असेल. त्यातलं पाणी कुठे जात नाही, पण या पाण्याला लागून आहे.”

“जंतू मारायचं औषध फिरवता ना तुम्ही दर महिन्याला?”

“फिरवतो. पण पाणी फिरतं तिथंच औषध फिरतं, मॅडम. बंद टोकात कसं जाईल?”

बाहेरच्या बाकावरून गजभिये नवरा-बायकोच्या बोलण्याचा आवाज येत होता. गजभियेंचा रिपोर्ट माझ्या टेबलावर येऊन पडला होता. पोटॅशियम सहा पूर्णांक चार. आंब्याने ते वाढतं, आणि साडेपाचच्या वर गेलं की हृदय थांबायची भीती, म्हणून डॉक्टर काळजीत पडतात.

डॉक्टर पिंपळखुटे आमच्या भागातले एकटेच डायलिसिस करणारे. पन्नाशीतले, कमी बोलणारे, सकाळी सातला येऊन संध्याकाळी सातला जाणारे. मी आकड्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

“प्लेट काय सांगते?”

“शुक्रवारची प्लेट कोरी आहे.”

“आणि ही तुमची चमकणारी पद्धत साठ हजार सांगते. मी कुणाचं ऐकू?”

“हिचं.”

“का? हिच्यात मेलेले जंतूही दिसतात, बरोबर? दहा दिवसांपूर्वी बशीरने फॉर्मॅलिन फिरवलंय. तुम्ही कदाचित नुसती मढी मोजलीत.”

“असेल, सर. पण जंतू तसेही पडद्यातून पलीकडे जात नाहीत. त्यांचं विष जातं, आणि ते मेलेल्यातूनही सुटतं. राठोडबाईंना भरलेली थंडी त्याचीच आहे.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पाइप कापायचा, औषध भरून ठेवायचं, धुवायचं, पुन्हा तपासायचं. म्हणजे दोन दिवस बंद.”

“निदान दोन.”

“उद्या अकरा लोक आहेत. अकोल्याला विचारलं तर ते चार-पाच घेतील. एखाद-दुसरा नागपूरला. बाकीच्यांना थांबवता येईल कदाचित. गजभियेंचं पोटॅशियम बघितलंत?”

“बघितलं.”

“आज आपल्याकडे जागा नाही म्हणून मी त्यांना उद्या पहिल्या पाळीत घेणार होतो. आता सांगा. हे पाणी वापरलं तर काय होईल? कदाचित थंडी भरेल, इंजेक्शन देऊ, उतरेल. कदाचित कुणाचं ब्लडप्रेशर पडेल आणि परत येणार नाही. नाही वापरलं तर काय होईल, तेही मला नक्की सांगता येत नाही.”

मी माझा कागद परत जवळ ओढला.

“तुम्ही लिहा,” ते म्हणाले. “‘तपासणी चालू’ लिहिलंत तर मी उद्या युनिट चालवीन. ‘अयोग्य’ लिहिलंत तर बंद करीन. मी तुमच्यावर ढकलतोय असं समजू नका. यातलं तुम्हाला जास्त कळतं.”

पाण्याचं रजिस्टर समोरच होतं. मी चारची वेळ टाकली आणि लिहिलं, ‘पाणी डायलिसिससाठी अयोग्य.’ सही केली.

डॉक्टरांनी तिथूनच फोन लावायला सुरुवात केली. त्याच संध्याकाळी गजभियेंना त्यांनी पोटॅशियम उतरवायची औषधं दिली आणि अकोल्याला दुसऱ्या दिवशी दुपारी दोनची जागा मिळवली. मी बाहेर जाऊन त्या दोघांना सांगितलं.

“गाडी रद्द,” गजभिये म्हणाले. “कारण?”

“पाणी बरोबर नाही.”

“मग बरं केलं. बिघडलेली गाडी मार्गावर सोडायची नसते.” त्यांनी सुलोचनाताईंच्या खांद्याला धरून उठायचा प्रयत्न केला. दुसऱ्या खेपेला उठता आलं.

मंगळवारी सकाळी बशीरभाईंनी प्लंबरकडून भिंत फोडून घेतली आणि बंद टोकाचा पाइप कापला. मला बोलावलं. बाहेरून पाइप नवा कोरा, पांढरा. आत मात्र बोटभर जाड, तपकिरी, बुळबुळीत थर होता. बशीरभाईंनी पाइप तिरका धरला तसा तो थर अख्खाच्या अख्खा घसरून बादलीत पडला. वास काही नव्हता. घाण वास आला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी त्यातलं थोडं खरवडून घेतलं आणि या वेळी वेगळ्या प्लेटा केल्या. अगदी पातळ, जवळजवळ उपाशी ठेवणारं आगर, आणि उबवणी यंत्राऐवजी खोलीतल्या थंड कोपऱ्यात, ओल्या फडक्याच्या आडोशाला. गाळण्यांच्या पाकिटासोबत आलेल्या मैत्रिणीच्या पत्रात हे सगळं लिहिलेलं होतं. पाण्यातले जंतू जवळजवळ काही न खाता जगतात. त्यांना भरलं ताट दिलं, अंगाची ऊब दिली, तर दोन दिवसांत उगवतच नाहीत. त्यांना त्यांच्यासारखं ठेवा आणि सात दिवस थांबा.

सव्वातीनला डॉक्टर पिंपळखुटे खाली आले. मी चार वर्षांत त्यांना प्रयोगशाळेत पाहिलं नव्हतं. ते आत आले नाहीत, चौकटीला हात लावून उभे राहिले.

“गजभिये गेले. मूर्तिजापूरच्या अलीकडे. जीपमध्ये.”

मी उठून उभी राहिले. का उठले, कळलं नाही.

“बाकीचे नऊ ठीक आहेत,” ते म्हणाले. “राठोडबाईंनाही अकोल्याला पाठवलंय, ताप उतरलाय. त्या प्लेटा कधी तयार होतील?”

“पुढच्या मंगळवारी.”

“येऊ द्या,” एवढं म्हणून ते गेले. मग दोन पावलं परत आले. “तुमचा निर्णय चुकला असं मी म्हणत नाही.”

“दहावे?” मी विचारलं. “अकरा होते ना.”

“एकाने जायला नकार दिला. घरीच थांबलाय. आहे अजून.”

तो आठवडा मी कसा काढला ते सांगण्यासारखं नाही. दिवसातून चार-पाच वेळा त्या कोपऱ्यात जाऊन फडकं उचलून बघायचे. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी मला वाटू लागलं की डॉक्टर बरोबर होते, मी मढी मोजली आणि त्या मढ्यांपायी एका जिवंत माणसाला भर उन्हात रस्त्यावर पाठवलं. पाचव्या दिवशी सकाळी प्लेट तिरकी धरली तर तिच्यावर बाष्प धरल्यासारखं दिसलं. भिंगाखाली धरलं. बाष्प नव्हतं, टाचणीच्या टोकाहून बारीक ठिपके होते. सातव्या दिवशी ते एकमेकांत मिसळले होते. मोजता येत नव्हते.

मला सुटका झाल्यासारखं वाटलं. खुर्चीत बसून मी चहा मागवला, हे मला आठवतं. चहा अर्धा पिऊन झाला आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली.

हे जंतू माझ्या नेहमीच्या, उबेतल्या प्लेटवर उगवत नव्हते. आज उगवत नव्हते तसे शुक्रवारीही नव्हते, मार्चातही नव्हते, डिसेंबरातही नव्हते. पाइप सप्टेंबरात बसवला होता.

मी वर जाऊन डायलिसिसची यादी मागितली. सप्टेंबरपासून, गजभिये सोडून, सहा नावांपुढे ‘मयत’ असा शेरा होता. त्या वेळी कुणाला काही वाटलं नव्हतं. किडनीचे पेशंट, असंच होणार. त्या सहांतल्या किती जणांना पाण्याने नेलं आणि किती जण तसेही गेले असते, हे मला सांगता आलं नसतं, आजही येत नाही. मी यादी परत दिली तेव्हा बशीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनीही ती आधीच पाहिली असावी.

इकडे इस्पितळात वेगळीच हवा होती. विश्वस्तांपैकी एक गृहस्थ खाली येऊन मला नमस्कार करून गेले. नवा पाइप बसला होता, पाणी स्वच्छ येत होतं. सगळ्यांचं म्हणणं एकच, की सोमवारी दोष सापडला आणि सोमवारीच बंद केलं, याहून जास्त कुणी काय करणार. डॉक्टर पिंपळखुटे मला म्हणाले, “कुणी विचारलं तर एवढंच सांगा. ते खरंही आहे.” आणि ते खरंच होतं. मी तेच सांगायचं ठरवलं होतं.

तेराव्या दिवसानंतर सुलोचनाताई आल्या. पांढरी सुती साडी, तीच पिशवी. दुपारची वेळ होती, प्रयोगशाळेत मी एकटीच होते. मी त्यांना खुर्ची दिली.

“युनिट कोनी बंद केलं?” त्यांनी विचारलं.

“मी.”

“डॉक्टरसाहेब म्हनाले त्यायनं केलं.”

“त्यांनी माझ्या लिहिण्यावरून केलं.”

त्यांनी मान हलवली. “त्यात खरंच जंतू होते?”

मी गाळणी जपून ठेवली होती. दिवे घालवून ती सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि त्यांना बघायला सांगितलं. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

“चांदन्यासारखं दिसते,” त्या म्हणाल्या. मग डोळा न काढताच विचारलं, “हे पाह्याले किती वेळ लागते?”

“अर्धा तास.”

“आन हे यंत्र?”

“दोन वर्षांपासून आहे. टीबीच्या तपासणीसाठी आलं होतं.”

“आन हे काये कागद?”

“त्या काळ्या गाळण्या माझ्या मैत्रिणीने पाठवल्या. फेब्रुवारीत.”

“मंग एप्रिलपर्यंत कुठी होते?”

“त्या कपाटात.”

त्यांनी डोळा काढला. मी दिवा लावला. कपाटाकडे त्यांनी पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहत होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता. मला वाटतं, त्यांना सगळं नीट ओळीने समजून घ्यायचं होतं. त्या अंगणवाडी सेविका होत्या. बावीस वर्षं मुलांची वजनं आणि तारखा लिहीत आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून एक वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची.

“ते बिमार पडले तवापासून मी लिहून ठेवते,” त्या म्हणाल्या. “काय खाल्लं, वजन किती, कवा ताप आला. मी तारीख वाचते. तुमी तुमचं सांगा.”

मी पाण्याचं रजिस्टर घेतलं.

“तेरा नोव्हेंबर. दिवाळीच्या आगंमागं. मशीनवर हुडहुडी भरली. घरी येऊन दोन दिवस पडून होते.”

मी पान उलटलं. “नऊ नोव्हेंबर. जंतुवाढ, निरंक.”

“निरंक म्हनजे?”

“काही नाही.”

“अकरा डिसेंबर.”

“सात डिसेंबर. निरंक.”

“चार जानेवारी. त्या वक्ताले उलटीबी झाली.”

“एकतीस डिसेंबर. निरंक.”

“पंधरा फेब्रुवारी. डॉक्टर म्हनाले, सर्दीचा ताप असन.”

मी ती नोंद वाचून दाखवली नाही. रजिस्टर त्यांच्यापुढे फिरवून ठेवलं. त्यांनी आपलं बोट ओळीवरून नेलं आणि शेवटी सहीवर थांबवलं.

“ही तुमची सही?”

“हो.”

“म्हनजे तवा पानी चांगलं होतं.”

“रिपोर्ट चांगला होता.”

“मी पान्याचं विचारते.”

सोमवारी दोष सापडला, सोमवारीच बंद केलं, एवढं म्हणायचं होतं. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. बाहेरच्या बाकावर कुणीतरी खोकत होतं.

“नाही,” मी म्हणाले. “चांगलं नव्हतं. मी जी पद्धत वापरत होते तिच्यात ते दिसतच नव्हते. सप्टेंबरपासून नव्हते दिसत. माझ्या लक्षात यायला हवं होतं. एकाही वेळी एकही ठिपका येत नाही, याचंच मला नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कपाटातलं पाकीट उघडलं असतं तर फेब्रुवारीतच कळलं असतं.”

हे मी तोवर मनातही असं सलग म्हटलं नव्हतं.

सुलोचनाताईंनी वही मिटली. “हे लिहून द्याल?”

मी लिहून दिलं. साध्या कागदावर, तारखांसकट, माझ्या नावाने. त्या कागदामुळे पुढे चौकशी झाली, दीड महिन्यात माझी नोकरी गेली, पिंपळखुटे डॉक्टर माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. मात्र त्या वर्षाअखेरीला आसपासच्या तीन-चार इस्पितळांनी पाण्याच्या प्लेटा थंड जागी सात दिवस ठेवायला सुरुवात केली, हे मला बशीरभाईंनी फोनवर सांगितलं. मी पुढची वीस वर्षं तेच काम केलं, दुसऱ्या गावांत, दुसऱ्या लोकांसाठी. आता अर्ध्या तासापेक्षाही झटपट मोजणारी यंत्रं आली आहेत. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी सुलोचनाताईंनी कागद दोनदा वाचला, घडी करून वहीत ठेवला, आणि त्या निघतील असं मला वाटलं. त्या बसूनच राहिल्या.

“मी आठ महिने त्या बाकड्यावर बसली,” त्या म्हणाल्या. “समदे एकमेकाले ओयखत होतो. इंगळ्याची सून गेली डिसेंबरात. बब्बू मिस्त्री गेला. भोपळेकाका गेले. एकून सहा घरं हायेत.”

मला वाटत होतं की तो आकडा फक्त मला आणि बशीरभाईंना माहीत आहे.

“त्यायले कोन सांगनार?” त्यांनी विचारलं.

“मी पत्र लिहीन.”

“इंगळ्याच्या घरी वाचता कोनाले येते?”

मी पेन खाली ठेवलं. त्यांनी पिशवी खांद्याला लावली. “पत्ते माह्याजवळ हायेत. मी येते संगं. बोलाचं तुमी.”

मी रजिस्टर कपाटात ठेवलं. एप्रन काढून खुंटीला लावला. साहाय्यक तंत्रज्ञ जेवून आला होता, त्याला अर्ध्या दिवसाच्या रजेचा कागद दिला.

इंगळ्यांचं घर स्टेशनच्या पलीकडे होतं. पाऊण तास चालत गेलो. वाटेत एकदा सुलोचनाताईंनी तापल्या रस्त्यावर लिंबाच्या सावलीत थांबून मला विचारलं, “पाय पोयते का?” मी नाही म्हणाले.

दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात बंडी. ते सासरे असावेत. मागे एक चार-पाच वर्षांची मुलगी जमिनीवर काहीतरी मांडून खेळत होती. त्यांनी सुलोचनाताईंना ओळखलं. मला ओळखलं नाही.

“मी इस्पितळात पाणी तपासायचे,” मी म्हणाले. “तुमच्या सूनबाईंबद्दल सांगायचं आहे.”

त्यांनी आमच्या दोघींच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. घामाने आमचे कपडे अंगाला चिकटले होते.

“उन्हाच्या आल्या,” ते म्हणाले. “आत या. आधी पानी घ्या, मंग सांगा.”

त्यांनी माठातून तांब्या भरून आणला आणि माझ्यापुढे धरला. मी तो दोन्ही हातांत घेतला आणि सांगायला सुरुवात केली.